दगडाच्या पोटात जागा आहे, पण पाणी?

औंढा नागनाथचा गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्यांवरून अंग चोरून आत उतरायचं आणि चहूबाजूंनी काळा दगड. आपला बेसॉल्ट, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. गावाजवळ होणाऱ्या लायगोबद्दल सगळेच लिहितात, ते सोडू. माझ्या डोक्यात वेगळाच किडा वळवळतोय: या दगडात कार्बन डायऑक्साइड गाडता येईल का?

कल्पना वेडगळ नाही. आइसलंडमध्ये कार्बफिक्सवाल्यांनी २०१२ साली हा वायू पाण्यात विरघळवून (सोडावॉटरच की!) बेसॉल्टमध्ये सोडला. आंबट पाण्यात दगडातलं कॅल्शियम उतरतं आणि वायूचा चक्क चुनखडीसारखा दगड होतो. शेकडो वर्षं लागतील असं वाटत होतं. ९५ टक्के वायू दोन वर्षांच्या आत दगड झाला. हैदराबादच्या एनजीआरआयनेही दख्खनचा बेसॉल्ट याच नजरेने तपासलाय.

मग अडतंय कुठे? टनभर वायूला सुमारे २५ टन पाणी लागतं. परळीच्या औष्णिक केंद्राचा २५० मेगावॅटचा एक संच धरा. युनिटमागे साधारण किलोभर वायू, म्हणजे पूर्ण क्षमतेने दिवसाला ६,००० टन. त्याला पाणी १५ कोटी लिटर. रोज! माणशी ५५ लिटर धरले तर हे २७ लाख लोकांचं पाणी झालं. आख्ख्या हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये पावणेबारा लाख होती. थोडं पाणी परत उपसून वापरता येतं म्हणा, पण हेच परळी केंद्र २०१५ मध्ये पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं!

बिनपाण्याची रीतही आहे. अमेरिकेत वॉलुला इथे २०१३ मध्ये सुमारे हजार टन वायू दाबून थेट बेसॉल्टमध्ये सोडला. पण त्याला साधारण ८०० मीटर खोली हवी, आणि किल्लारीला भूकंपानंतर भोक पाडलं तेव्हा बेसॉल्ट ३३८ मीटरवर संपला. कोयनेला तो ९०० मीटरच्या पुढे जातो, पण धरण झाल्यापासून हादरणाऱ्या त्या जमिनीत दाबाने काही सोडायची हिंमत कोण करणार?

राहता राहिलं कोकण. खाऱ्या पाण्यावरही कार्बफिक्सने प्रयोग केलेत, आणि जयगडचं कोळशाचं वीजकेंद्र समुद्राला लागूनच आहे. मला विचाराल तर पहिली चाचणी विहीर तिकडे खणावी. मराठवाड्यात नको, निदान पाण्याचं गणित सुटेपर्यंत तरी.