बर्फ न पडणाऱ्या गावी

हिमाच्छादित प्रदेशांत घडणाऱ्या अद्भुत चित्रपटांचे आमच्या आकुर्डीसारख्या गावी जे कौतुक होते, ते वरवर पाहता मोठे विसंगत आहे. येथे हिवाळा म्हणजे पहाटे पवनेच्या काठी दाटणारे धुके, कानटोप्या घालून पहिल्या पाळीस निघालेले कामगार, आणि चहाच्या टपरीभोवतीचा घोळका. दहाच्या सुमारास ऊन तापू लागले की अंगातला स्वेटर हातावर येतो. आकाशातून पडणारे गोठलेले पाणी म्हणावे तर त्या वळवाच्या गारा. त्याही ऐन उन्हाळ्यात. 'बर्फ' हा शब्द उच्चारताच आमच्या डोळ्यांपुढे हिमवृष्टी उभी राहत नाही. लाकडाच्या भुशात ठेवलेली लादी आणि गोळेवाल्याची गाडी उभी राहते. म्हणजे आमच्या व्यवहारात बर्फ हा थंडीचा नव्हे, उन्हाळ्याचा सोबती आहे. अशा गावची मुले चित्रपटगृहात हिमराणीच्या राज्यात दोन-दोन तास रमून जातात, याचा अर्थ काय लावावयाचा?

आमचे एक स्नेही, तेही अध्यापकच, या प्रश्नाचा निकाल एका वाक्यात लावतात. त्यांच्या मते ही निव्वळ उसनवारी होय. ज्या मुलाने पायाखाली बर्फ कधी तुडविला नाही, त्याने हिमराज्याची स्वप्ने पाहावी हे त्यांस हास्यास्पद वाटते. आम्हांस हे म्हणणे मान्य नाही. कारण पडद्यावरील हिम, ज्या देशांत ते खरोखर पडते तेथेही, बहुधा उसनेच असते. 1912 साली, म्हणजे दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रकाशित होण्याच्या आदल्याच वर्षी, फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांनी ध्रुवावरील स्वारीचा मूकपट काढला. त्यात प्रवाशांना गिळणारा एक हिमराक्षस आहे. हा राक्षस म्हणजे दोर आणि यंत्रे यांच्या साहाय्याने हलविलेले एक प्रचंड बाहुले होते. फ्रँक काप्रा यांच्या 1946 च्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ' या चित्रपटात नाताळच्या रात्री एक देवदूत खाली उतरतो. त्या रात्रीचा बर्फ कॅलिफोर्नियाच्या उन्हाळ्यात तयार केलेला आहे! त्यापूर्वी बर्फ म्हणून मक्याचे पोहे पांढरे रंगवून पसरीत. पण त्यांवर पाय पडताच असा चुरचुराट होई की पात्रांचे संभाषण मागाहून पुन्हा मुद्रित करावे लागे. म्हणून आग विझविण्याचा फेस, साबण व पाणी यांचे मिश्रण योजण्यात आले. 2013 च्या 'फ्रोझन'मध्ये तर बर्फाचा कणही नाही. बर्फ कसा चिकटतो, कसा ढासळतो, याचे गणित मांडून तो संगणकावर उभा केला गेला आणि त्या कामी विद्यापीठातील गणितज्ञांचे साहाय्य घेण्यात आले. तेव्हा हिमाचा अनुभव हीच पात्रता धरावयाची, तर ते पडद्यावर उभे करणाऱ्यांनाही घाम पुसतच ते करावे लागले आहे, हे विसरून चालणार नाही.

आमच्या मते खरा भेद हिमाच्या अर्थात आहे, आणि तो आमच्या ध्यानी वर्गात आला. उत्तरेकडील कथांत हिम हा बहुतेक शाप असतो. हान्स अँडरसनच्या 1844 सालच्या 'हिमराणी'त एका मुलाच्या डोळ्यांत व काळजात मायावी आरशाचे तुकडे शिरतात, त्याचे हृदय गोठते, आणि मैत्रिणीच्या कढत आसवांनी ते पुन्हा विरघळते. सी. एस. लुइस यांच्या 1950 सालच्या नार्नियाच्या कथेत, आणि तिच्यावरून 2005 साली निघालेल्या चित्रपटात, एका चेटकिणीने सबंध देशावर न संपणारा हिवाळा लादलेला आहे. बर्फ वितळू लागला, झऱ्यांचा आवाज कानी आला, की तिची सत्ता संपत आली असे वाचकाने समजावयाचे.

हा प्रसंग आम्ही वर्गात शिकवीत असता मागल्या बाकावरील एका विद्यार्थ्याने हात वर केला. चाकणच्या बाजूस एका कारखान्यात रात्रपाळी करून तो सकाळी वर्गाला येतो, त्यामुळे त्याचे डोळे बहुधा मिटू पाहत असतात. त्या दिवशी मात्र ते टक्क उघडे होते. त्याने विचारले, "सर, बर्फ वितळला तर त्यांना आनंद कशाचा होतो? आपल्याकडे बर्फ असता तर आपण जपून ठेवला असता." वर्गात हशा पिकला. आम्हांस हसू आले नाही. लांब हिवाळ्याच्या देशात वितळणे म्हणजे सुटका. आपल्याकडील मृगाच्या पहिल्या सरीचा आनंद त्यांना त्यात होतो, असे आम्ही त्यास सांगितले, आणि ते त्याला पटलेही. परंतु त्याच्या प्रश्नामागे जी वृत्ती होती ती अडाणीपणाची नव्हती. ती फार जुनी व आपली स्वतःची आहे.

आपल्या पुराणांत हिमालय हा पार्वतीचा पिता आहे. कैलासावर शंकर अंगाला भस्म फासून आणि व्याघ्रचर्म पांघरून बसतात. त्यांना थंडी वाजत असेल, असे कोणाही श्रोत्याच्या मनात येत नाही. तेथील हिम भिववीत नाही, आणि ते वितळते तेव्हा कोणाचा पराभव होत नाही. गंगा खाली येते. याच कथेवर फाळक्यांनी 1937 साली कोल्हापुरास 'गंगावतरण' काढला. तो त्यांचा एकमेव बोलपट, आणि शेवटचा चित्रपटही. फाळके 1870 साली त्र्यंबकेश्वरी जन्मले, जेथे गोदावरी उगम पावते. गोदा, पवना, इंद्रायणी, कोल्हापूरची पंचगंगा, या साऱ्या सह्याद्रीवरील पावसाच्या लेकी. त्यांच्यात हिमाचा थेंब नाही. तरीही गोदेच्या उगमी जन्मलेल्या माणसाने, पंचगंगेच्या काठी बसून, हिमालयातील नदीची कथा आपली म्हणून सांगितली, आणि ती परकी आहे अशी तक्रार कोणी केली नाही. आमच्या स्नेह्यांच्या उसनवारीच्या आक्षेपास याहून चांगले उत्तर आम्हांस सुचत नाही.

आता या दोन परंपरांपैकी कोणती आजच्या मुलास अधिक उपयोगी, हा प्रश्न केवळ साहित्याचा राहिलेला नाही. गंगोत्रीची हिमनदी सुमारे 30 किलोमीटर लांब आहे, आणि तिचे मुख, ज्यास आपण गोमुख म्हणतो, ते मागे सरत चालले आहे, हे गेल्या शतकभराच्या मोजमापांनी सिद्ध झाले आहे. न संपणाऱ्या हिवाळ्याचे भय हे ज्या पिढ्यांचे होते, त्यांच्या कथा त्यांना शोभल्या. आज भय नेमके उलट आहे, आणि ते ज्या उष्णतेने निर्माण झाले तिच्यात यंत्रांच्या व इंजिनांच्या धुराचा वाटा मोठा आहे. आमचे गाव देशाला ठाऊक झाले ते स्कूटरींच्या कारखान्यामुळे. येथील हजारो घरांच्या चुली इंजिनावर पेटल्या, आमच्या विद्यार्थ्याचीही पेटते. त्याबद्दल या गावाला लाजविण्याचा आमचा हेतू नाही. पोटाची सोय पाहणाऱ्यास हिमालयाचा हिशेब विचारणे हे आरामखुर्चीतील शहाणपण होय. पण बर्फ जपून ठेवावा हे त्याच्या मनात आपोआप आले, आणि पुस्तकातील प्रौढांच्या मनात आले नाही, याची नोंद कोणी तरी केली पाहिजे.

परदेशी हिमपट मुलांनी अवश्य पाहावे. त्यांत सौंदर्य आहे, आणि गोठलेले हृदय प्रेमाने विरघळते ही शिकवण कोणत्याही हवामानात खोटी ठरत नाही. मात्र त्यांच्या जोडीला एखादा आपलाही निघावा अशी आमची इच्छा आहे. पूर्वीच्या भगीरथास पाणी खाली आणावयाचे होते. आताच्या भगीरथास हिम वर राखावयाचे आहे, आणि ही तपश्चर्या अधिक कठीण आहे, कारण ती एकट्याने होण्यासारखी नाही. असा भगीरथ धुके पडलेल्या पहाटे रात्रपाळी संपवून कारखान्याच्या दारातून बाहेर पडताना दाखविला, तर आमच्या गावचे प्रेक्षक त्यास लगेच ओळखतील.