पालथा तांब्या

वाईच्या आजोळी माजघरात तिवईवर माठ असायचा आणि त्यावर पालथा घातलेला पितळी तांब्या. दारात कुणीही येवो, आजी आधी पाणी द्यायची, मग विचारपूस. पाण्याला नाही म्हणू नये, हे त्या घरात कुणी शिकवत नसे. ते अंगातच मुरत असे.

त्या घरात मामा रात्रभर पाणी प्यायचा.

स्किझोफ्रेनियाला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. गोळ्यांनी तोंड कोरडं पडे, पण त्याची तहान कोरड भागली तरी थांबत नसे. माठ संपला की नळ, नळ गेला की न्हाणीतली बादली. अर्धवट झोपेत मला माठाच्या काठावर तांब्या आपटल्याचा आवाज यायचा. टण्ण. थोड्या वेळाने पुन्हा टण्ण. आजी म्हणायची, "पाणीच पितोय ना लेकरू, पिऊ दे. अंगातली उष्णता जाईल."

एका संध्याकाळी त्याची जीभ अडखळू लागली, ओकारी झाली आणि झटका येऊन तो ओटीवर कोसळला. रक्तातलं सोडियम लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असायला हवं; त्याचं ११८ होतं. डॉक्टरांनी आजीला समजावलं : मूत्रपिंडं तासाला फार तर लिटरभर पाणी बाहेर टाकतात. त्याहून जास्त झालं की रक्त पातळ होतं, पाणी पेशींत शिरतं, मेंदू सुजतो; आणि कवटी काही सैल होत नाही. वर्षानुवर्षं मनोरुग्णालयात राहिलेल्यांत ही तहान पुष्कळदा दिसते.

आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी मीठ-भाकरी मोजून वाढली, पाणी मोजायचं कधी सुचलंच नाही."

घरात वजनकाटा आला. सकाळी साठ किलो. संध्याकाळी त्रेसष्टच्या पुढे काटा गेला की थेट दवाखाना. आजीने माठ कुलपात ठेवला, तर तो परसातल्या डोणीतलं पाणी प्यायला. दुसऱ्या दिवशी तिने कुलूप काढलं आणि त्याच्याजवळ बसून विचारलं, "बाळा, एवढं का रे पितोस?"

"पाणी घशातून उतरतं ना आई, तेवढा वेळ ते गप्प बसतात."

ते म्हणजे कानातले आवाज. त्यांना गप्प करायला त्याच्यापाशी एवढा एक तांब्या होता, आणि आम्ही तोच काढून घेत होतो.

त्या रात्रीपासून आजी माठापाशी अंथरूण टाकू लागली. तो उठला की अर्धं फुलपात्र पाणी द्यायची, तोंडात आवळासुपारी, आणि मग बोलत राहायची. घाटावरचा पूर, म्हशीचं पहिलं वेत, त्याच्या बारशाला आलेली माणसं. आवाज थांबत होते का, ते त्याने कधी सांगितलं नाही. पण तो ऐकत बसे.

एकदा पहाटे मी डोकावले. तांब्या माठावर पालथाच होता. भिंतीला टेकून मायलेक बसले होते, आणि आजीचा घसा बसला होता.