वीस बाइटचा बॅकअप

रोज पहाटे अडीचला सर्व्हरचा मेल यायचा, ‘बॅकअप झाला’. सकाळच्या चहाबरोबर तो पाहायचा आणि निर्धास्त व्हायचं. स्क्रिप्ट माझीच. डेटाबेसचा डम्प पाइपमधून जीझिपकडे द्यायचा, त्यावर ‘इफ’ लावायचं, जमलं तर एक मेल, नाहीतर दुसरा.

एका दुपारी एका टेबलातल्या नोंदी चुकून उडाल्या. “कालचा बॅकअप आहे ना!” मी ऐटीत म्हणाले. फाइल पाहिली तर आकार 20 बाइट. परवाचीही 20. अकरा दिवसांपूर्वी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता, तेव्हापासून सगळ्या 20.

आमचे सर शेजारी येऊन बसले. “अगं, तुझ्या इफनं विचारलं कोणाला?” त्यांनी ‘फॉल्स’ लिहिलं, पाइपची उभी रेघ ओढली, पुढे ‘ट्रू’. एक्झिट कोड आला शून्य. शाळेत भोपळा म्हणजे नापास, शेलमध्ये भोपळा म्हणजे पास. यश एकाच तऱ्हेचं, म्हणून त्याला एकच आकडा. अपयशाला 1 ते 255. कमांड सापडली नाही तर 127, सापडली पण चालवता येईना तर 126. पण पाइप असली की बॅश उत्तर देतो ते शेवटच्या कमांडचं. डम्प पासवर्डापाशीच अडला होता. त्याची तक्रार मी ज्या लॉगमध्ये वळवली होती, तो कधी उघडलाच नव्हता. जीझिपनं मात्र हाती आलेलं काहीच-नाही इमानेइतबारे आवळलं. रिकाम्या मालाचं त्याचं गाठोडं बरोबर 20 बाइटचं होतं. तो खोटं बोलला नव्हता.

अकरा दिवसांच्या नोंदी कागदांवरून पुन्हा भरताना दोन रात्री गेल्या.

मग ‘पाइपफेल’ लावलं, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड अडली तरी उत्तर अपयशाचंच येईल. त्याच जोशात ‘सेट -ई’ही, म्हणजे चूक होताच स्क्रिप्ट थांबेल. दुसऱ्याच पहाटे ती थांबली. लॉगमध्ये ‘एरर’ शब्द आहे का, हे मी ग्रेपनं शोधत होते. शब्द नव्हता, म्हणजे सगळं आलबेल. पण काही सापडलं नाही की ग्रेप 1 देतो. खरी गडबड झाली तर 2. शुभवार्तेलाच मी अपघात समजले होते. तो शोध मग ‘इफ’च्या आत घेतला, तिथे ‘सेट -ई’ मध्ये पडत नाही.

आता नवी स्क्रिप्ट लिहिली की आधी मुद्दाम चुकीचा पासवर्ड देते. अपयशाचा मेल आला, की मगच चहा.