वरणभाताला 'इज' की 'आर'?

माणसांचं सोपं असतं. 'द सेक्रेटरी अँड ट्रेझरर' म्हटलं की खुर्ची एक, 'द' दोनदा आला की खुर्च्या दोन. आर्टिकलवरून डोकी मोजता येतात. खाण्याच्या जिनसांना आर्टिकल लागत नाही, आणि माझं सगळं अडलंय ते तिथेच.

यंदाच्या बॅचमधल्या एका मुलीनं विचारलं, "सर, वरणभाताला 'इज' की 'आर'?" वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण प्रश्न बरोबर होता. मराठीत आपण 'मीठभाकर खाल्ली', 'भाजीपाला आणला' म्हणतो आणि 'आईवडील आले' असंही म्हणतो. एक समाहार द्वंद्व, दुसरा इतरेतर. शब्द जोडतानाच निकाल लागलेला असतो. इंग्रजीत दोन्ही नामं सुटीच राहतात, मध्ये 'अँड' उभा, आणि निवाडा क्रियापदावर येतो. 'ब्रेड अँड बटर' न्याहारीला असेल तर 'इज'. त्याच दोघांचे भाव वाढले की 'आर', कारण दुकानात पावाचं बिल वेगळं आणि लोण्याचं वेगळं.

रेन आणि मार्टिन त्यांच्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात हे दोन ओळींत उरकतात: दोन नामांतून एकच कल्पना सुचत असेल तर क्रियापद एकवचनी. पण सुचते कोणाला? यातले रेन म्हणजे मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात नोकरी केलेले आणि 1924 मध्ये 'बो जेस्ट' ही साहसकथा लिहिणारे पी. सी. रेन. कादंबरीकारानं तरी हे मोकळं सोडायला नको होतं.

हल्ली क्लासवाले अशा जोड्यांची यादीच पाठ करून घेतात. यादीवाला मुलगा मग 'टाइम अँड टाइड'पुढे बिनदिक्कत 'वेट्स' लिहितो आणि मार्क घालवतो. त्या म्हणीत 'वेट' हेच रूढ आहे. पाठांतराला माझा विरोध नाही. विचार करायचा कंटाळा पाठांतर म्हणून विकण्याला आहे.

आता माझ्या मिरवण्याबद्दल. किपलिंगच्या 1897 च्या 'रिसेशनल' कवितेत गोंगाट आणि आरोळ्या अशी दोन नामं आहेत, आणि क्रियापद एकवचनी 'डाइज'. हा माझा हुकमी एक्का. फळ्यावर लिहायचं, वर्ग गप्प झाला की थोडं थांबायचं, मग सांगायचं की कवीच्या कानाला तो एकच कल्लोळ होता. ती शांतता मला फार आवडे, व्याकरणापेक्षा जास्त. यंदा त्याच मुलीनं पुढच्या ओळी वाचल्या आणि म्हणाली, "सर, 'सॅक्रिफाइस'शी यमक जुळवलंय." 'डाय' लिहिलं असतं तर यमक गेलं असतं, हे खरंच. तिचं मला त्या क्षणी आवडलं नाही, हेही खरं.

तरी माझा हेका सुटलेला नाही. यमकासाठी कवीनं 'गोंगाट आणि माणूस' यांना 'डाइज' लावलं असतं तर कान लगेच कुरकुरला असता. इथे कुरकुरत नाही, कारण गोंगाट आणि आरोळ्या मुळातच एकमेकांत मिसळलेल्या. यमकानं दार ढकललं, पण दार आधीच किलकिलं होतं.

वरणभाताला मी 'इज' दिलं. डाळतांदळाचे भाव सांगायचे असतील तर 'आर'. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एवढीच विनंती, की असली जोडी विचारताना मागचं एक वाक्य तरी छापा.