शेती माफ, दूध नाही

गेल्या वर्षी शहरातल्या एका एजंटानं माझं विवरणपत्र भरलं. ऊस, दूध, ट्रॅक्टरचं भाडं, सगळं 'शेती उत्पन्न'! मलाही गोड वाटलं. मग नोटीस आली अन् झोप उडाली.

शेवटी तालुक्यातल्या सीए मॅडमकडं गेलो. सातबारा, ऊसबिलं, डेअरीच्या स्लिपा पाहून म्हणाल्या, "काका, शेती उत्पन्नावर कर लावायचा अधिकार घटनेनं राज्याला दिलाय, म्हणून त्यावर केंद्राचा आयकर नाही. रोपवाटिकेतली रोपंही शेतीतच. पण दूध, कोंबड्या, भाड्याचा ट्रॅक्टर हा धंदा. त्यात पेंड, डिझेलचा खर्च वजा होतो. पावत्या कुठायत?"

पावत्या नव्हत्या. व्याजासकट कर भरला. आता गोठ्यात खिळ्याला पावत्या टांगतो. तुम्हीही टांगा.