फिल्टर मारण्याआधी

भाईंदरची हवा ट्रान्सफॉर्मरच्या तेलाला मानवत नाही. खाडी जवळ, बाजूला मिठागरं. पावसाळ्यात ब्रीदरमधली निळी सिलिका जेल बघता बघता गुलाबी पडते. ओलावा तेलात उतरला की बीडीव्ही, म्हणजे तेल किती व्होल्टेज झेलतं तो आकडा, घसरतो आणि ठरलेला उपाय होतो: फिल्टर मशीन लावायचं. अडीच मिलिमीटरच्या फटीत तेलाने पुन्हा साठ-सत्तर केव्ही झेलले की काम झालं असं मानतात. माझा आग्रह असा, की मशीन जोडण्याआधी डीजीएचा, म्हणजे तेलात विरघळलेल्या वायूंच्या तपासणीचा, नमुना काढलाच पाहिजे. बीडीव्हीवरून तेलाची आजची ताकद कळते. आत काय घडून गेलं, ते त्यात विरघळलेल्या वायूंवरूनच कळतं.

खनिज तेलाचे रेणू म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्या. पार्शल डिस्चार्जची ऊर्जा थोडी, तेवढ्यात हायड्रोजनच सुटतो, सोबत जरासा मिथेन. तेल नुसतं तापलं तर मिथेन-इथेन, आणखी तापलं की इथिलीन. ॲसिटिलीन भरपूर व्हायला मात्र ७०० अंशांच्या वरची धग लागते, म्हणजे बहुधा आत आर्क झालेला असतो. मिशेल डुवाल यांचा १९७०च्या दशकातला त्रिकोण मिथेन, इथिलीन आणि ॲसिटिलीन यांच्या आपसातल्या प्रमाणावरूनच दोष ओळखतो. गरम तेल निर्वातातून फिरवलं की ओलाव्याबरोबर हा सगळा पुरावा निघून जातो. पुढे कागदात मुरलेला वायू हळूहळू तेलात परत येतो; आधीचा अहवाल हाताशी नसेल तर तो जुना की नव्या दोषाचा, हे कोण ठरवणार?

वायू जमला की इशारा देणारा बुकोल्झ रिले आहे की, असं कुणी म्हणेल. १९२१च्या पेटंटचं ते साधन आजही उत्तम आहे, पण त्यात जमतो तो बुडबुड्यांनी वर आलेला वायू. हळू वाढणाऱ्या दोषाचा वायू तेलातच विरघळून राहतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: टॅप चेंजरच्या कप्प्यात ठिणग्या नेहमीच्याच, तिथलं तेल मुख्य टाकीत झिरपलं तरी ॲसिटिलीन दिसतं. खरं आहे. म्हणून एकट्या आकड्यावरून टाकी उघडायची नाही. ॲसिटिलीन हायड्रोजनच्या दोन-तीन पटींहून जास्त असेल तर आधी तो कप्पा तपासायचा. गल्लीतल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला या तपासणीचा खर्च परवडत नाही, हे मला मान्य आहे. उपकेंद्रातल्या मोठ्या युनिटला ही सबब चालत नाही.

नमुना घेताना व्हॉल्व्हमधलं साचलेलं तेल आधी वाहू द्यावं, काचेची सिरिंज त्याच तेलाने धुवावी आणि आत बुडबुडा राहू देऊ नये. हायड्रोजन सगळ्यांत आधी निसटतो. चिठ्ठीवर तेलाचं तापमान, लोड आणि मागच्या फिल्टरची तारीख लिहावी. ही तारीख नसेल तर कमी आलेला वायू चांगली बातमी समजू नये.