यंत्र नीट चालतं तेव्हा

यंत्र बिघडतं, माणसांवर उलटतं, अशा विज्ञानकथा मी आवडीने वाचते. लिहायला बसते तेव्हा मात्र त्या वाटेला जात नाही. बिघाड दुरुस्त करता येतो. मला धास्ती वाटते ती सगळं सुरळीत चाललेलं असतं तेव्हाची.

म्हणून ई. एम. फॉर्स्टर यांची १९०९ सालची ‘द मशीन स्टॉप्स’ मी पुन्हा पुन्हा काढते. माणसं जमिनीखाली, एकेकट्या खोलीत राहतात. बटण दाबलं की जेवण, अंघोळ, संगीत. शेवटी यंत्र बंद पडतं, पण माझ्या अंगावर काटा येतो तो सुरुवातीलाच. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूने मुलगा बोलू पाहतो आणि वाष्टी, त्याची आई, त्याला पाच मिनिटं देते. तिला व्याख्यान द्यायचं असतं. त्याला आई यंत्रातून नको, समोर हवी आहे. हे मागणंच तिला विचित्र वाटतं. तिथे काहीही मोडलेलं नाही. जिव्हाळा कुणी हिरावून घेतलेला नाही, तिनेच तो सोयीपायी सोडला आहे.

रे ब्रॅडबरींच्या ‘द पेडेस्ट्रियन’मध्ये (१९५१) तर शहर सुरक्षितच झालं आहे. तीस लाख वस्तीला एकच पोलीसगाडी पुरते, कारण रात्री सगळे घरात पडद्यासमोर. २०५३ सालचा लिओनार्ड मीड तेवढा पायी फिरायला निघतो, आणि गाडी त्याला मनोरुग्णालयात नेते. खुद्द ब्रॅडबरींना १९४९मध्ये लॉस एंजेलिसला रात्री चालताना पोलिसाने हटकलं होतं. कथेचं बी एवढंच! नवं लिहिणाऱ्यांना मी सांगते, अद्भुत यंत्र शोधण्याआधी अशी एखादी साधी सवय शोधा, जी उद्या विचित्र ठरेल.

सध्या माझ्या कथेत एकट्या राहणाऱ्या एक आजी आहेत आणि त्यांच्याशी गप्पा मारणारा एक आवाज. तो त्यांची तीच आठवण कितीही वेळा ऐकतो, औषधाची वेळ चुकवत नाही, कधी खेकसत नाही. मुलाचा फोन येतो तेव्हा आजी म्हणतात, “नंतर कर रे, बोलतेय मी.” हे वाक्य सापडलं, पण पुढचं अवघड आहे. मुलगा निर्दयी दाखवला की वाचक सुटतो, आवाज कपटी निघाला तरी सुटतो. म्हणून मुलगा प्रेमळच राहील, आवाजही. आजी सुखात असतील. त्या सुखातलं काय खुपतं, ते कुणाच्याही तोंडी न घालता वाचकापर्यंत कसं न्यायचं, यावर गाडी अडली आहे.